बासरी घ्यायची, पण कोणत्या पट्टीची?

जून महिना आला की आपल्या घराघरांतून मापांचा मोसम सुरू होतो. गणवेश शिवायला टाकताना आपण शिंप्याला हमखास सांगतो, “जरा वाढत्या अंगाचा शिवा हो, दोन वर्षं तरी गेला पाहिजे.” स्कर्टला आत दुमड ठेवायची, पँटच्या पायाला जास्तीची पट्टी ठेवायची, हा आपला नेहमीचा हिशेब. त्यात वावगं काहीच नाही. पण मैत्रिणींनो, हाच हिशेब आपण चपलेला लावतो का? पायापेक्षा दोन बोटं मोठी चप्पल घालून मूल पळायला लागलं तर ते पडणारच, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही.

बासरीचं अगदी तसंच आहे. ती गणवेशासारखी वाढत्या मापाची घेता येत नाही, आज हाताला बसेल तीच घ्यावी लागते. आणि नेमकी इथेच पुष्कळ घरांत गल्लत होते.

हल्ली बऱ्याच शाळांत शनिवारचे छंदवर्ग असतात. तबला, पेटी, चित्रकला यांच्या जोडीला बासरीही असते. वाद्य हलकं, दप्तराशेजारी मावणारं, पेटीच्या मानानं स्वस्त. मूल घरी येऊन म्हणतं, “आई, मला बासरी हवी.” आपण दुकानात जातो, आणि दुकानदार विचारतो, “कोणत्या स्केलची देऊ?” इथे आपण गप्प होतो. मग तो जी काढून देईल ती, किंवा दिसायला जी भारदस्त ती, किंवा टीव्हीवर पाहिली होती तशी लांबलचक, अशी खरेदी होते. ही निवड कशी करावी, एवढंच आज आपण पाहू या.

पट्टी म्हणजे काय?

पेटीवर गाणाऱ्या बायकांना हे नवीन नाही. “मी काळी चारला गाते” किंवा “माझी पट्टी पांढरी पाच” असं आपण म्हणतो, म्हणजे त्या पट्टीला आपण ‘सा’ धरतो. पेटीवर आज एक पट्टी, उद्या दुसरी असं करता येतं. बासरीचा ‘सा’ मात्र कारागिरानं बांबूला भोकं पाडली त्याच दिवशी ठरून गेलेला असतो. म्हणून प्रत्येक पट्टीची बासरी वेगळी. नळी जितकी लांब तितका सूर खालचा, नळी आखूड तितका सूर वरचा.

दुकानात बासरीवर बहुधा इंग्रजी अक्षर असतं. ते वाचायची किल्ली सोपी आहे. सी म्हणजे पांढरी एक, डी म्हणजे पांढरी दोन, ई तीन, एफ चार, जी पाच, ए सहा आणि बी सात. अक्षरापुढे शार्प असेल तर ती काळी पट्टी. सी शार्प काळी एक, डी शार्प काळी दोन, एफ शार्प काळी तीन, जी शार्प काळी चार, ए शार्प काळी पाच. हे एकदा पेटीसमोर बसून पाहिलंत तर पुन्हा विसरायचं नाही.

मात्र एक मेख आहे, बरं का. नुसतं अक्षर पुरेसं नसतं. सी बासरी मध्यम आकाराचीही असते आणि ‘बेस’ म्हणजे खर्जाचीही असते. दोघींचा ‘सा’ पांढरी एकचाच, पण एक पुरं सप्तक खालचा. मध्यम सी साधारण १८-१९ इंचांची, तर खर्जाची सी तिच्या जवळपास दुप्पट लांब. फोनवरून मागवायची झाली तर अक्षराबरोबर लांबीही विचारून घ्या.

आपल्याकडच्या सहा भोकांच्या बासरीत वरची तीन भोकं बंद केली की ‘सा’ वाजतो, आणि त्यावरूनच बासरीचं नाव पडतं. काही विक्रेते मात्र सगळी भोकं बंद केल्यावर जो सूर येतो त्यावरून नाव देतात. तो आपला खालचा पंचम असतो. म्हणून “वरची तीन बंद केल्यावर कोणती पट्टी येते?” असं स्पष्टच विचारावं. दक्षिणेकडच्या कर्नाटक संगीतातली बासरी आठ भोकांची असते आणि तिच्यावर बोटं ठेवायची रीतही वेगळी. सर हिंदुस्थानी शिकवत असतील तर ती नको.

लांब बासरीचा मोह

मैफलीत आपण जी बासरी पाहतो ती चांगली हातभर लांब असते. याला एक इतिहास आहे. १९११ साली बारिसालला (ते आज बांगलादेशात आहे) जन्मलेले पन्नालाल घोष यांनी बासरीला शास्त्रीय संगीताच्या मैफलीत मानाचं स्थान मिळवून दिलं. आखूड बासरीचा सूर वरचा आणि पातळ. ख्यालाची संथ आलापी, खर्जाचं गांभीर्य तिच्यात मावत नव्हतं. म्हणून त्यांनी प्रयोग करकरून सुमारे ३२ इंचांची लांब बासरी घडवून घेतली. पुढे पंडित हरिप्रसाद चौरसियांनी ती घराघरांत पोचवली. आज मैफलीत पांढरी तीनची, म्हणजे ई बासरी पुष्कळ वाजते. ती साधारण ३० इंचांची असते.

तिचा आवाज ऐकला की कुणालाही तीच घ्यावीशी वाटते, हे मला समजतं. पण ती मोठ्या माणसाच्या पंजासाठी, मोठ्या माणसाच्या दमासाठी घडवलेली आहे. तिची भोकं मोठी आणि दोन भोकांमधलं अंतर सव्वा इंच किंवा त्याहून जास्त. दहा-बारा वर्षांच्या मुलाचा हात तिच्यावर ताणला जातो. एखाद्या बोटाची कड जरी उचलली गेली तरी हवा निसटते आणि खालचे सूर येतच नाहीत. नुसता फुस्स आवाज होतो.

यात आणखी एक फसवणूक आहे. शिकवणीची सुरुवात बहुधा डाव्या हाताच्या तीन बोटांनी होते. सा, रे, ग. हे सूर कसेबसे निघतात. घरात कौतुक होतं. मग उजवा हात लागतो, खालचे नी, ध, प सुरू होतात आणि तिथे गाडी अडते. पहिले पंधरा दिवस बरं चाललेलं मूल एकाएकी मागे पडलेलं दिसतं. आपल्याला वाटतं, याचं लक्ष उडालं.

आठवीतली एक मुलगी

आमच्या शाळेतल्या आठवीतल्या एका मुलीचं सांगते. मी तिच्या वर्गाला अर्धवेळ मराठी शिकवते. तिच्या मामानं मोठ्या हौसेनं तिला ई बासरी आणून दिली होती, रेशमी दोऱ्यांची, मखमली पिशवीतली. तीन महिने ती शनिवारच्या वर्गाला नेमानं बसली. पण इतर मुलं ‘सारेगमप’ वाजवू लागली तरी हिचा पंचम काही लागेना. पालकसभेला तिची आई मला म्हणाली, “बाई, तिला जमतच नाही हो. हे म्हणतात, हिच्या अंगात सूर नाही, उगाच वेळ कशाला घालवायचा? पुढच्या वर्षी नववी आहे.” मुलगी बाजूलाच उभी होती, खाली मान घालून.

मी बासरीच्या सरांना सांगितलं. गर्दीच्या वर्गात एकेकीच्या बोटांकडे पाहायला त्यांना सवड झालेली नव्हती. त्यांनी तिला समोर बसवलं, हात धरायला लावला आणि लगेच म्हणाले, “अगं, तुझं उजवं तिसरं बोट भोकावर पोचतच नाहीये.” त्यांनी आपल्या पिशवीतली मध्यम सी काढून तिला दिली. त्याच तासाला तिचा पंचम लागला. थरथरत का होईना, पण लागला. तेव्हाचा तिचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

सांगायचं काय, तर तीन महिने त्या मुलीला “तुझ्यात सूर नाही” हे ऐकावं लागलं, आणि दोष होता बांबूच्या लांबीचा. असं एकदा मनावर कोरलं गेलं की ते पुसायला फार वर्षं लागतात. आपल्यातल्या कितीजणींना लहानपणी कुणीतरी “तुला गळा नाही” म्हटलंय आणि आपण अजून मंगळागौरीलाही गुणगुणायला लाजतो! म्हणून मूल अडलं तर आधी वाद्य तपासा, मूल मागाहून.

हाताचं माप घरीच घ्या

यासाठी एक सोपी युक्ती. सरांच्या किंवा ओळखीच्या कुणाच्या बासरीवर कागदाची पट्टी ठेवून फुंकायचं भोक आणि सहा भोकांच्या जागा पेनानं टिपून घ्या. जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाची बासरीएवढी नळी गुंडाळा, चिकटपट्टी लावा आणि तिच्यावर त्या खुणा उतरवा. आता मुलाला ती नळी ओठाशी धरायला सांगा. डाव्या हाताची पहिली तीन बोटं (अंगठा सोडून) वरच्या तीन खुणांवर, उजव्या हाताची तीन बोटं खालच्या तीन खुणांवर.

मग एवढंच पाहा. बोटाचा मांसल भाग खुणेवर पुरता बसतो का, की नुसतं टोक लागतं? मनगट वाकडं होतं का? खांदा वर चढतो का? मान फार वळते का? आणि असं दोन मिनिटं सहज धरता येतं का? दोन मिनिटांत हात दुखायला लागला तर ती बासरी अजून मोठी आहे.

वयावरून ढोबळ अंदाज द्यायचा तर असा:

तिसरी-चौथीच्या मुलांना मध्यम सी, साधारण १८-१९ इंचांची.

पाचवी ते सातवीला सी किंवा ए. ए साधारण २२ इंचांची.

आठवी ते दहावीला हात बसत असेल तर जी, साधारण २४-२५ इंचांची. बसत नसेल तर ए.

ई त्यानंतर, बोटं पोचतील आणि दम पुरेल तेव्हा.

कारागिरागणिक लांबीत इंचभर फरक पडतोच. शिवाय आठवीतला एखादा मुलगा बापाएवढा होतो, तर दुसऱ्याचा हात अजून पाचवीतलाच असतो. तेव्हा वरच्या कोष्टकापेक्षा कागदाच्या नळीवर जास्त विश्वास ठेवा. आणि सर्वांत आधी सरांना विचारा. वर्गात पंधरा मुलं एकत्र वाजवणार असतील तर सगळ्यांची पट्टी एकच हवी, नाहीतर भाजी मंडईतला गलका व्हायचा.

मूल डावखुरं असेल तर तेही आधी सांगा. भोकं सरळ रेषेत असली तर बासरी डावीकडेही धरता येते. पण लांब बासरीत सहावं भोक कधी कधी जरा बाजूला पाडलेलं असतं, तिथे अडचण होते.

“मग पुन्हा नवी घ्यायची?”

हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. पण इथे एक फार मोठी सोय आहे. बासरी कोणत्याही पट्टीची असो, बोटांची मांडणी तीच राहते. वरची तीन बंद म्हणजे सा, दोन बंद म्हणजे रे, एक बंद म्हणजे ग, सहाही बंद म्हणजे खालचा प. सीवर घटवलेले अलंकार, सीवर बसवलेला भूप, सगळं जसंच्या तसं जीवर जातं. फक्त बोटं थोडी लांब टाकायची आणि फुंकर जरा बदलायची. छोट्या बासरीवर घालवलेलं एक वर्षही वाया जात नाही. उलट मोठ्या बासरीवर अडून बसलेलं वर्ष मात्र पुरतं वाया जातं.

गाण्याशी जुळणी

स्नेहसंमेलन जवळ आलं की आणखी एक घोटाळा होतो. ताई गाणार काळी पाचला आणि धाकटा साथ करणार पांढरी एकच्या बासरीवर! मुरलेला वादक दुसऱ्याच सुराला ‘सा’ मानून वाजवून नेतो, पण नवशिक्याला ते जमायचं नाही. तेव्हा गाणं निवडतानाच ते बासरीच्या पट्टीत म्हणता येतं का ते पाहा. गळा थोडा खाली-वर सरकतो, बांबू नाही सरकत. तबलाही त्याच पट्टीत लावून घ्यायला सांगा.

घरच्या रियाजाचंही तसंच. फोनवर तानपुरा लावायची आता छान सोय झाली आहे. पण बासरी ए आणि तानपुरा सीला लावलेला असेल तर मूल कितीही नीट वाजवो, ते बेसूरच वाटणार. तानपुऱ्याची पट्टी बासरीशी जुळते ना, एवढं पहिल्या दिवशी स्वतः पाहा. हे आपल्याला जमण्यासारखं आहे, त्यासाठी गाणं यायला लागत नाही.

दुकानात काय पाहाल?

जत्रेतली रंगीत बासरी खेळायला चांगली, शिकायला नाही. तिचे सूर जुळवलेले नसतात. शिकायची बासरी सुरात लावलेलीच घ्या. ती त्याहून बरीच महाग पडते, पण त्याला इलाज नाही. उत्तर प्रदेशातलं पिलीभीत हे गाव बासऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथले कारागीर आसामकडचा बांबू वापरतात. त्याची पेरं लांब आणि भिंत पातळ असते. पीव्हीसी नळीच्या बासऱ्याही मिळतात. सुरात असतील तर सुरुवातीला चालतात, तडकायची भीती नाही.

शक्यतो वाजवता येणारं कुणीतरी बरोबर न्या आणि एवढं करून घ्या:

सहाही भोकं बंद करून आधी हळू, मग जोरात फुंकायला सांगा. खालचा आणि वरचा, दोन्ही पंचम एकमेकांशी जुळले पाहिजेत. तसंच मधल्या आणि वरच्या ‘सा’चं.

फोनवरच्या सूर दाखवणाऱ्या ॲपमध्ये ‘सा’ तपासा. पण आधी पाच मिनिटं बासरी वाजू द्या. थंड बासरीचा सूर उतरलेला असतो, गरम हवेत तो चढतो.

नळी उजेडाकडे धरून आतून पाहा. केसाएवढी चीरही नको.

भोकांच्या कडा बोटानं चाचपून पाहा, गुळगुळीत हव्यात. दोरे घट्ट बांधलेले हवेत. ते शोभेसाठी नसतात, बांबू तडकू नये म्हणून असतात.

घरी आल्यावर

बासरी उन्हात, गॅसच्या ओट्याजवळ, फ्रिजवर किंवा बंद मोटारीत ठेवू नका. वाजवून झाल्यावर काडीला मलमलचं फडकं गुंडाळून आतली ओल पुसावी. महिन्या-दोन महिन्यांनी आतून मोहरीच्या किंवा बदामाच्या तेलाचं बोट फिरवावं. दोन भावंडांत एक बासरी असेल तर फुंकायचं भोक पुसून मगच दुसऱ्याला द्यावी.

सुरुवातीला फुंकून फुंकून चक्कर आल्यासारखं होतं. घाबरू नका, मुलाला बसवून वाजवू द्या आणि मध्ये विसावा द्या. दहा-पंधरा मिनिटं दोन वेळा पुरेत. बोटांना मुंग्या आल्या किंवा मनगट दुखलं तर त्या दिवशी बासरी पिशवीत.

आणि हो, “मुलींनी कुठे बासरी वाजवायची?” असं कुणी म्हणालं तर त्यांना दक्षिणेतल्या सिक्किल भगिनींची, कुंजुमणी आणि नीला यांची नावं सांगा. हरिप्रसादजींच्या शिष्या देबोप्रिया आणि सुचिस्मिता चॅटर्जी यांचंही नाव घ्या. मुलीचा हात लहान असला तर बासरी लहान घ्यायची, बासरी सोडायची नाही.

आठवीतली ती मुलगी आता दहावीत आहे. हात वाढला तशी जीवर आली. मामानं दिलेली ई कपाटात मखमली पिशवीत आहे. अधूनमधून काढून बोटं लावून पाहते, म्हणाली, “बाई, आता थोडंसंच राहिलंय.” सरांची सी तिनं परत केली, आणि ती आता पाचवीतल्या एका मुलाकडे आहे. तुमच्याही घरी बासरी लहान पडली तर ती माळ्यावर टाकू नका. शेजारपाजारी, नात्यात एखादा तेवढाच हात असेल, त्याच्या हाती द्या.